वाकलेलं घर पडत का नाही? लिटल मोर्टन हॉल : एक अभ्यासपाठ



इतिहासाच्या तासाला युरोप आला की आपण राजे, लढाया, शोधमोहिमा यांत अडकतो. माणसं राहत कुठे होती, घरं कशाची होती, ती बांधली कोणी, हे मात्र राहून जातं. खरं तर मुलांना हेच जास्त आवडतं. म्हणून या पाठात आपण एकच घर घेऊ आणि ते पायापासून आढ्यापर्यंत नीट पाहू. घर इंग्लंडमधलं आहे, लाकडाच्या सांगाड्याचं आहे आणि पाचशे वर्षांहून जुनं आहे. त्याचं नाव लिटल मोर्टन हॉल.

हे घर इंग्लंडच्या वायव्य भागात, चेशर परगण्यात, काँगल्टन या गावापासून साधारण सात किलोमीटरवर आहे. त्याचा फोटो वर्गात दाखवला की मुलं आधी हसतात. भिंती कललेल्या, मजले लाटेसारखे वरखाली झालेले, खिडक्यांच्या ओळी वाकड्या. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे तर कोणीतरी पट्टी न लावता चित्र काढल्यासारखं वाटतं. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हे पडत कसं नाही?"

प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर शोधताना विज्ञान येतं, इतिहास येतो, थोडं अर्थशास्त्रसुद्धा येतं. चला तर मग.

१. घर कधी आणि कोणी बांधलं?

मोर्टन हे चेशरमधलं सधन जमीनदार घराणं. विल्यम मोर्टन याने साधारण १५०४ ते १५०८ या काळात घराचा सगळ्यात जुना भाग उभारला. मुलांना काळ कळावा म्हणून एक खूण सांगा : पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली, आणि पानिपतची पहिली लढाई झाली १५२६ साली. म्हणजे बाबर दिल्लीला यायच्या आधीच या घराचे पहिले खांब उभे राहिले होते.

पण घर एका दमात झालेलं नाही. पुढच्या पिढ्या जमेल तशी भर घालत गेल्या. कोणी खोल्या वाढवल्या, कोणी मोठ्या खिडक्या बसवल्या, कोणी दक्षिणेची अख्खी बाजू आणि प्रवेशद्वाराची इमारत उभी केली. शेवटची मोठी भर साधारण १६१० ची. म्हणजे शंभर वर्षं घराचं काम चालूच होतं! आपल्याकडेही गावातलं घर असंच वाढतं. आजोबांची दोन खोल्यांची वास्तू, वडिलांनी काढलेली पडवी, मग एखाद्या काकांचा माडीचा मजला. नकाशा आधी काढून कोणी बसत नाही.

म्हणूनच या घराचा आराखडा बेढब आहे. मधोमध दगडगोटे बसवलेला छोटा आयताकृती चौक, त्याच्याभोवती तीन बाजूंना इमारती, आणि या सगळ्याला वेढून पाण्याने भरलेला खंदक. खंदक सुमारे दहा मीटर रुंद आहे. मुलांना खंदक म्हटलं की किल्ला आणि शत्रू आठवतो. इथे मात्र लढाईचा फारसा संबंध नव्हता. लाकडाचं घर आणि इतक्या खिडक्या घेऊन कोण लढणार? त्या काळी खंदक असणं ही प्रतिष्ठेची खूण होती. आणि हो, घराचे संडास याच खंदकावर बाहेर काढलेले होते, हे सांगितलंत तर वर्ग पुढची दहा मिनिटं तुमचाच.

मोर्टन घराणं जोरात होतं तेव्हा, म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्याला, त्यांच्याकडे सुमारे १,३६० एकर जमीन होती. धान्य दळायची पाणचक्की होती, फळबागा होत्या आणि लोखंड गाळायची भट्टीही होती.

२. घर उभं कशावर? सांगाड्यावर

आता मुख्य मुद्दा. आपण आज भिंत म्हणजे वजन पेलणारी गोष्ट समजतो. या घरात तसं नाही. सगळं वजन लाकडी सांगाडा पेलतो. भिंतीचं काम फक्त वारा-पाऊस अडवण्याचं.

मुलांना सोपं करून सांगायचं तर आपलं शरीर घ्या. आपण उभे राहतो हाडांवर. कातडी वजन पेलत नाही, ती आतलं झाकते. या घरात ओक झाडाची लाकडं म्हणजे हाडं आणि मधले पांढरे चौकोन म्हणजे कातडी. गंमत अशी की इथे हाडं बाहेरून दिसतात!

सांगाडा असा रचला जाई :

आधी दगडाचं बुटकं जोतं. त्यावर आडवी तुळई. ही तुळई थेट जमिनीवर ठेवत नसत, कारण ओल लागली की लाकूड कुजतं. त्या तुळईवर उभे खांब, खांबांवर पुन्हा आडव्या तुळया, आणि सगळ्यांत वर छपराचे वासे. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे कोपऱ्यात तिरपे टेकू.

हे तिरपे टेकू फार महत्त्वाचे. चार पट्ट्यांचा चौकोन केला आणि कोपऱ्यांत टाचण्या लावल्या तर तो बोटाने ढकलताच तिरका होतो. त्यातच एक तिरपी पट्टी लावली की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि मग कितीही ढकला, हलत नाही. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी ठरली की त्याचे कोन आपोआप ठरतात, चौकोनाचे तसं नाही. भूमितीच्या वहीतलं हे वाक्य म्हणजे या घराचं आयुष्य आहे.

३. सुताराचं काम

लाकूड वापरलं ते ओकचं. आपल्याकडे सागाला जो मान, तो इंग्लंडमध्ये ओकला. झाडाचा आतला गाभा कठीण आणि टिकाऊ असतो, त्याला कीड सहजासहजी लागत नाही. सालीजवळचं लाकूड मात्र कच्चं, कीड आधी तिथे शिरते.

आता एक गोष्ट मुलांना विचारा : सुतार लाकूड वाळवून वापरतो की ओलं? मुलं म्हणतील, वाळवून. फर्निचरसाठी ते बरोबरच आहे. पण अशा सांगाड्यासाठी त्या काळचे इंग्लिश सुतार ओक ओला असतानाच, तोडल्यावर लवकरच, कामाला घेत. कारण वाळलेला ओक इतका कठीण होतो की हाताच्या हत्यारांनी त्यात खाचा पाडणं जिवावर येतं. ओला ओक कुऱ्हाडीला आणि पटाशीला चटकन वश होतो.

मग तो सांगाडा उभा राहिल्यावर वाळायला लागतो. वाळताना आकसतो, पिळतो, थोडा वाकतो. म्हणजे घराचा थोडा वाकडेपणा पहिल्या काही वर्षांतच ठरून जातो, आणि सुताराला ते माहीत असतं.

जोड कसे करत? एका लाकडात खाच कोरायची. दुसऱ्या लाकडाच्या टोकाला त्या खाचेत नेमकी बसेल अशी जीभ काढायची. जीभ खाचेत घातली की आरपार भोक पाडून त्यात ओकचीच खुंटी ठोकायची. यातली खुबी पाहा : जिभेतलं भोक आणि खाचेतलं भोक अगदी एका रेषेत ठेवत नसत, किंचित सरकवून ठेवत. त्यामुळे खुंटी ठोकताना ती दोन्ही लाकडांना एकमेकांत ओढून घेते आणि जोड आवळला जातो. सांगाड्याला खिळा लागत नाही. तसाही ओकमधल्या आम्लामुळे लोखंड गंजतं, म्हणून खुंटीच बरी.

आणखी एक. हे सांगाडे जागेवर उभे करण्याआधी सुताराच्या आवारात जमिनीवर आडवे मांडून जुळवत. प्रत्येक जोड तिथे बसतो का ते बघत. मग लाकडांवर रोमन अंकांसारख्या खुणा कोरत, सगळं सुटं करत, गाडीतून जागेवर नेत आणि खुणा बघून पुन्हा जोडत. आज आपण खोक्यातून आलेलं कपाट घरी जोडतो ना, "अ ला अ, ब ला ब"? तीच पद्धत. इंग्लंडच्या अनेक जुन्या घरांत त्या खुणा अजून वाचता येतात.

४. चौकोनात काय भरलं?

सांगाड्यातले रिकामे चौकोन भरण्याची जुनी इंग्लिश पद्धत अशी : चौकोनात उभ्या काठ्या बसवायच्या, त्यांच्यात लवचीक फांद्या टोपलीसारख्या विणायच्या, आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि गवताचा कालवलेला चिखल थापायचा. वाळला की वरून चुन्याचा हात.

हे वाचताना कोकणातल्या किंवा सह्याद्रीतल्या वाचकांना काही आठवलं का? बरोबर, आपला कूड! कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावर शेणामातीचा लेप. दोन ठिकाणची माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत, पण फांद्या, माती आणि शेण हाताशी होतं आणि डोकं चालवलं, तर उत्तर सारखंच आलं. शेणातल्या तंतूंमुळे माती तडकत नाही, हे दोन्हीकडच्या बायाबापड्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. "मातीचं घर म्हणजे मागासलेलं" असं मुलांच्या मनात कुठून तरी बसलेलं असतं. ते काढून टाकायची ही चांगली संधी आहे. शंभरावर खिडक्यांची स्वप्नं पाहणाऱ्या इंग्लिश जमीनदारांनाही कुडाच्या भिंतीचं वावडं नव्हतं.

लाकूड कमी-जास्त कसं वापरलं यावरून मालकाची ऐपत कळे. साध्या घराला मोजके खांब आणि मोठे चौकोन. श्रीमंताच्या घरी लाकूड गरजेपेक्षा कितीतरी जास्त. लिटल मोर्टन हॉलवर हे स्पष्ट दिसतं. भिंतींवर लाकडाचे तिरपे पट्टे, शंकरपाळ्यांसारखे आकार, चार पाकळ्यांची फुलं असं नक्षीकाम आहे. यातलं बरंचसं वजन पेलायला लागत नाही. ते पाहुण्यांना दाखवायला आहे! वायव्य इंग्लंडमध्ये अशा नक्षीची विशेष हौस होती.

५. वरचा मजला बाहेर का आलाय?

फोटोत नीट पाहा. वरचा मजला खालच्या मजल्यापेक्षा पुढे आलेला आहे. मुलं म्हणतात, "जागा जास्त मिळावी म्हणून." हे एक कारण झालंच. खालच्या भिंतीवर पाऊस कमी लागतो, हे दुसरं. घर रुबाबदार दिसतं, हे तिसरं. पण चौथं कारण विज्ञानाचं आहे आणि ते प्रयोगाने दाखवता येतं.

एक लवचीक प्लॅस्टिकची फूटपट्टी घ्या. दोन पुस्तकांवर ठेवा, पण एक टोक पुस्तकाच्या बाहेर तीन-चार इंच आलेलं असू द्या. मधोमध बोटाने दाबा : पट्टी खाली झुकते. आता दुसऱ्या हाताने बाहेरचं टोक हलकेच दाबा : मधला भाग वर उचलला जातो! घराचंही तसंच. मजल्याच्या कड्या खालच्या तुळईवरून बाहेर काढल्या आणि त्यांच्या टोकांवर वरच्या भिंतीचं वजन ठेवलं, तर खोलीच्या मधला मजला झुकायचा कमी होतो. सी-सॉवर बसलेलं मूल ही गोष्ट अंगाने जाणतं.

६. खिडकीवर सुताराचं नाव

घराचा सगळ्यात जुना आणि मुख्य भाग म्हणजे ग्रेट हॉल, म्हणजे बैठकीची, जेवणाची, न्यायनिवाड्याची मोठी खोली. १५५९ साली या भागाला चौकाच्या बाजूने दोन भव्य खिडक्या बसवल्या. भिंतीतून बाहेर आलेल्या, अनेक कोनांच्या, दोन मजली उंच, आणि एकमेकींना इतक्या खेटून की वरची छपरं जवळजवळ भिडतात.

काच त्या काळी महाग. आणि आजच्यासारखी मोठी सलग काच बनवणंही अवघड. म्हणून काचेचे लहान लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून मोठी खिडकी तयार करत. या घरात असे सुमारे ३०,००० तुकडे आहेत. तुकड्यांच्या मांडणीतही नाना प्रकारचे नमुने आहेत. भिंतीपेक्षा खिडकी महाग असताना एवढ्या खिडक्या लावणं म्हणजे सोनं अंगावर घालून मिरवण्यासारखंच होतं.

पण मला या खिडक्यांवरची खरी मोलाची गोष्ट वेगळी वाटते. खिडक्यांच्या वरच्या लाकडावर मजकूर कोरलेला आहे. त्यात देवाचं स्मरण आहे, मालक विल्यम मोर्टन याचं नाव आहे, साल आहे. आणि त्याच्याबरोबर सुताराचंही नाव आहे : रिचर्ड डेल. या खिडक्या मी देवाच्या कृपेने केल्या, असं तो सांगतो. मजकुरातलं स्पेलिंग आजच्या कोणत्याही इंग्रजी शिक्षकाने लाल शाईने भरून टाकावं असं आहे. त्या काळी स्पेलिंगचे नियमच पक्के झालेले नव्हते.

विचार करा. जगभरच्या जुन्या वास्तूंवर राजाचं नाव असतं, दान देणाऱ्याचं असतं. हाताने काम करणाऱ्याचं नाव किती ठिकाणी सापडतं? इथे साडेचारशे वर्षांहून जास्त काळ एक सुतार मालकाच्या शेजारी उभा आहे. वर्गात एखाद्या मुलाचे वडील गवंडी असतात, सुतार असतात, फॅब्रिकेशनचं काम करतात. "बाबा काय करतात?" या प्रश्नाला ते मूल मान खाली घालून उत्तर देतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या मुलासाठी रिचर्ड डेलचं नाव फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

७. लांब गॅलरी, दगडी छप्पर आणि वाकलेले मजले

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घर इतकं वाकलं का?

१५६० च्या सुमारास दक्षिणेची बाजू बांधायला घेतली. काम सुरू झाल्यावर वर आणखी एक मजला चढवायचं ठरलं : लांब गॅलरी. ही गॅलरी सुमारे २१ मीटर लांब आहे आणि दक्षिण बाजूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. राणी एलिझाबेथच्या काळात श्रीमंतांच्या घरी अशा गॅलरीची फॅशन होती. इंग्लंडात पाऊस कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा घरातल्या मंडळींनी फेऱ्या मारायच्या, खेळायचं, ते इथे. भिंतीच्या लाकडी तावदानामागे जुने टेनिसचे चेंडूही सापडले आहेत. म्हणजे घरात चेंडू खेळून तो कुठेतरी हरवणं ही फक्त आपल्या मुलांची खासियत नाही!

पण खालचा सांगाडा या जादा मजल्याच्या हिशेबाने रचलेला नव्हता. त्यात छपरावर कौलांऐवजी वालुकाश्माच्या जाड, जड फरश्या. हे सगळं वजन गॅलरीच्या सांगाड्यावरून खालच्या मजल्यांवर आलं. मजले झुकले, खांब कलले, गॅलरीची जमीन समुद्राच्या लाटेसारखी झाली.

मग पडलं का नाही? इथे लाकडाचा स्वभाव कामाला आला. विटांच्या किंवा दगडी भिंतीवर असा ताण आला तर ती तडकते. लाकूड तडकण्याआधी वाकतं. खुंटीचे जोड किंचित हलतात, वजन शेजारच्या लाकडाकडे सरकतं, शेजारचं पुढच्याकडे. एकट्या खांबावर भार येत नाही, सगळा सांगाडा मिळून तो वाटून घेतो. अर्थात, यालाही मर्यादा असतेच. पुढे या भागाला आतून पोलादाचा छुपा आधार द्यावा लागला. तेव्हा "जुनं ते सगळं मजबूत" असं मुलांना सांगू नका. जुन्या माणसांचा हिशेबही चुकायचा. फरक इतकाच की त्यांनी वापरलेली वस्तू ती चूक सावरून घेणारी होती.

याच गॅलरीच्या दोन टोकांना, वरच्या त्रिकोणी भिंतींवर गिलाव्यात उठावाची चित्रं आहेत. एका टोकाला नशिबाची देवी तिच्या चाकासह, दुसऱ्या टोकाला नियती. मथितार्थ असा : नशिबाच्या चाकावर अज्ञानाचं राज्य चालतं, नियतीवर ज्ञानाचं. ही कल्पना घेतली आहे रॉबर्ट रेकॉर्ड यांच्या १५५६ साली निघालेल्या 'द कॅसल ऑफ नॉलेज' या खगोलशास्त्राच्या पुस्तकावरून. गणिताच्या शिक्षकांनो, हे तेच रेकॉर्ड, ज्यांनी १५५७ साली बरोबरचं चिन्ह, म्हणजे दोन समांतर आडव्या रेघा, पहिल्यांदा वापरात आणलं! पुस्तक निघून काही वर्षं होतात न होतात, तोच त्यातलं चित्र लंडनपासून दूरच्या एका शेतकरी जमीनदाराच्या घरात भिंतीवर चढतं. छापखान्याने काय बदल घडवला हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

८. घर वाचलं कसं?

याचं उत्तर थोडं अनपेक्षित आहे. घर वाचलं, त्याला मोर्टन घराण्याचे वाईट दिवस बरेचसे कारण झाले.

१६४२ साली इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं. मोर्टन राजाच्या बाजूचे. १६४३ मध्ये पार्लमेंटने घर ताब्यात घेतलं. पुढे ते परत मिळालं, पण डोक्यावर कर्ज घेऊनच. काही जमीन विकावी लागली. अठराव्या शतकात घर कुळांना भाड्याने दिलेलं होतं.

आता पाहा. ज्यांच्याकडे पैसा होता अशा अनेक घराण्यांनी जुनी लाकडी घरं पाडून नव्या फॅशनची विटांची, दगडाची घरं बांधली, नाहीतर जुन्या सांगाड्याला बाहेरून विटांचा मुखवटा चढवला. मोर्टनांकडे त्यासाठी पैसाच नव्हता. म्हणून घर जसं होतं तसं राहिलं. पण नुसतं राहणं म्हणजे वाचणं नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते पडझडीला आलं होतं. प्रार्थनेच्या खोलीत कोळसा साठवत होते.

१८९२ साली हे घर एलिझाबेथ मोर्टन यांच्याकडे वारशाने आलं. त्या ख्रिस्ती साध्वी होत्या. त्यांनी प्रार्थनेची खोली नीट करून घेतली आणि डागडुजी सुरू केली. १९१२ साली त्यांनी घर चार्ल्स अब्राहम या आपल्या नात्यातल्या बिशपांना दिलं, पण एक अट घालून : हे घर कधीही विकायचं नाही. अब्राहम यांनी ते लोकांना पाहण्यासाठी खुलं केलं, आणि १९३८ साली ते नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन झालं. सुमारे साडेचारशे वर्षं घर विकलं गेलं नव्हतं. आज ते सगळ्यांचं आहे.

९. काळं-पांढरं घर खरंच काळं-पांढरं होतं का?

हा भाग वरच्या इयत्तांसाठी ठेवा, पण वगळू नका.

जुनं इंग्लिश घर म्हटलं की काळं लाकूड आणि पांढऱ्या भिंती असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. पण ओकचं लाकूड उघडं ठेवलं तर उन्हापावसात ते रुपेरी करडं होतं. लाकडाला डांबर फासून काळं करायचं आणि मधले चौकोन पांढरेशुभ्र रंगवायचे, ही टूम मुख्यतः व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, म्हणजे घर बांधल्यानंतर तीनशे वर्षांनी आलेली! १९७७ नंतर इथे मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा नवी बसवलेली लाकडं काळी न रंगवता नैसर्गिक रंगातच ठेवली. त्यामुळे आज भिंतीवर जुनं आणि नवं वेगळं ओळखू येतं.

मुलांना विचारा : दुरुस्ती दिसू द्यावी की लपवावी? सगळं घर काळं-पांढरं ठेवावं की मुळासारखं करडं? एका गटाला एक बाजू द्या, दुसऱ्याला दुसरी. याचं एकच बरोबर उत्तर नाही, आणि म्हणूनच वाद रंगतो.

१०. आपल्या वाड्यांकडे वळताना

आपले पुण्या-नाशिकचे, खानदेशातले जुने वाडे आठवा. दगडी जोतं, सागाचे खांब, तुळया, कडीपाट, आणि मधला चौक. भिंती विटांच्या किंवा मातीच्या असल्या तरी मजल्यांचा बराचसा भार लाकडी खांबच पेलतात. १७३२ साली बांधून झालेल्या शनिवारवाड्याची लाकडी इमारत १८२८ च्या आगीत जळाली, दगडी भाग तेवढा उरला. लाकडाच्या घराचे तीन शत्रू : पाणी, कीड आणि आग. चौथा शत्रू मी मुलांना शेवटी सांगतो : दुर्लक्ष.

वाडा पाडायचा की ठेवायचा हा प्रश्न सोपा नसतो. त्यात भाडेकरू असतात, भाऊबंदकी असते, दुरुस्तीचा खर्च असतो. राहणाऱ्यांना धोका असेल तर आधी माणसं. त्यावर मुलांना उपदेश करू नये. पण पाडण्याआधी त्याचा नकाशा काढणं, खांबांचे फोटो घेणं, जोड कसे होते ते म्हाताऱ्या सुताराला विचारून लिहून ठेवणं, एवढं तरी सातवीतलं मूलही करू शकतं. वाडा गेला तरी ते ज्ञान जायला नको.

वर्गात घ्यायचे उपक्रम

१. आइस्क्रीमच्या काड्या आणि टाचण्या घेऊन चौकोन आणि त्रिकोण बनवा. कोणता हलतो? चौकोनाला तिरपी काडी लावून पुन्हा पाहा.

२. वर सांगितलेला फूटपट्टीचा प्रयोग प्रत्येक गटाने करून निरीक्षण स्वतःच्या शब्दांत लिहावं.

३. लहान टोपलीसारखी काड्यांची जाळी विणून त्यावर माती थापा. एका जाळीवर नुसती माती, दुसरीवर माती आणि बारीक गवत. वाळल्यावर कोणती जास्त तडकली?

४. घराजवळच्या सुताराची मुलाखत घ्या. जोडांना ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत टिपून आणा. हे शब्द कोशात मिळतीलच असं नाही, म्हणून ते फार मोलाचे आहेत.

विचार करायला प्रश्न

१. या घरात भिंत आणि सांगाडा यांची कामं कशी वाटली गेली आहेत?
२. खंदक संरक्षणासाठी नसेल तर तो ठेवण्याचं कारण काय असावं?
३. घराण्याची आर्थिक स्थिती खालावल्यामुळे घर वाचायला मदत कशी झाली?
४. एलिझाबेथ मोर्टन यांनी विक्री न करण्याची अट घातली नसती तर काय झालं असतं असं तुम्हाला वाटतं?
५. तुमच्या शाळेची इमारत कोणी बांधली? गवंड्याचं, सुताराचं नाव कुठे लिहिलेलं आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक मुलं "नाही" असंच आणतील. तसं झालं तर तिथेच थांबू नका. नाव शोधा. गावात कोणाला तरी माहीत असतं. सापडलं की एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून वर्गाच्या खिडकीवर लावा.